मेलेल्यांची नोंद नाही

हिंगोलीच्या छावणीत हरीसिंग नावाचा एक व्यापारी होता. बाजारात त्याची पत होती. छावणीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांचे त्याच्याशी रोजचे देणेघेणे होते, आणि त्या अधिकाऱ्यांत फिलिप मेडोज टेलर हा तरुणही होता. एकदा हरीसिंगाने मुलकी काम पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडे मुंबईहून कापड आणण्याचा परवाना मागितला. रेनॉल्ड्सने तो दिला. काही दिवसांनी कापड आले आणि छावणीत उघडपणे विकलेही गेले. त्यात वावगे काही आहे असे कोणाला वाटले नाही. पुढे हरीसिंग पकडला गेला तेव्हा त्याने स्वतःच सगळी हकीकत सांगितली. कापड दुसऱ्याचे होते. हिंगोलीपासून फार दूर नसलेल्या एका गावचा व्यापारी ते मुंबईहून घेऊन येत होता. हरीसिंगाला आधीच बातमी लागली होती. वाटेत त्याने तो व्यापारी, त्याचे नोकर आणि बैल हाकणारे अशा सगळ्यांना मारले आणि साहेबाच्या परवान्यावर माल बिनदिक्कत छावणीत आणला. टेलर लिहितो, की ही गोष्ट सांगताना हरीसिंगाला ती मोठी गंमत वाटत होती.

ही हकीकत मी प्रथम वाचली तेव्हा मीही हरीसिंगाच्या निर्ढावलेपणावरच थांबलो होतो. पुन्हा वाचताना दुसरीच गोष्ट खटकली. तो व्यापारी कोण? टेलर त्याच्या गावाचे नाव देत नाही आणि त्याचे नावही देत नाही. नोकर किती, बैलवाले किती, तेही नाही. मारणाऱ्याचे नाव दोनशे वर्षांनंतर आपल्याला ठाऊक आहे. ज्याचा माल होता त्याच्याविषयी मात्र 'जवळच्या एका गावचा' एवढेच हाती राहते.

व्हिक्टोरिया राणीच्या काळातील न उलगडलेले खून म्हटले की जगाला आठवते ते लंडनचे व्हाइटचॅपल. १८८८ साली ३१ ऑगस्ट ते ९ नोव्हेंबर या दहा आठवड्यांत तिथे पाच गरीब बायकांचे खून झाले: मेरी ॲन निकोल्स, ॲनी चॅपमन, एलिझाबेथ स्ट्राइड, कॅथरिन एडोज आणि मेरी जेन केली. मारणारा सापडला नाही. 'जॅक द रिपर' हे वर्तमानपत्रांनी उचलून धरलेले टोपणनाव, त्यामागचा माणूस आजही कोणाला माहीत नाही. त्याच्यावर पुस्तकांची कपाटे भरली आहेत. मेलेल्या पाचजणींकडे लक्ष जायला मात्र बराच काळ लागला. त्यांच्या आयुष्यांवर हॅली रूबेनहोल्ड यांचे 'द फाइव्ह' हे पुस्तक २०१९ मध्ये आले. तरी त्या पाचजणींना नावे होती, बहुतेकींच्या जन्माच्या नोंदी होत्या, लग्ने होती, पोरेबाळे होती, म्हणून ते पुस्तक लिहिता आले.

आपल्याकडच्या ठगीचे प्रकरण याच्या अगदी उलटे आहे. इथे मारणाऱ्यांची नावे आहेत, बापांची नावे आहेत, सात-सात पिढ्यांच्या वंशावळी आहेत, कोण कोणाचा मेहुणा आणि कोण कोणाचा मानलेला मुलगा हेसुद्धा लिहून ठेवले आहे. मेलेले मात्र बिननावाचे आहेत. 'ठगांचा बंदोबस्त झाला' म्हणून इतिहासाने हे प्रकरण केव्हाच बंद केले. माझ्या मते ते बंद झालेले नाही. 'कोणी मारले' या प्रश्नाचे उत्तर मिळाले म्हणून 'कोणाला मारले' हा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

बीडच्या माणसाला हा प्रश्न परका नाही. हा मुलूख निजामाचा होता. पश्चिमेला अहमदनगर जिल्हा १८१८ पासून कंपनी सरकारचा. वायव्येला पैठण आणि औरंगाबाद, पूर्वेला परभणी आणि तिच्या पलीकडे हिंगोली, दक्षिणेला तुळजापूर आणि नळदुर्ग. बालाघाटाच्या डोंगरातून उतरणाऱ्या वाटा या सगळ्यांना जोडत. त्या वाटांवरून व्यापारी जात, रजेवर घरी निघालेले शिपाई जात, सावकारांचे हुंडीवाले आणि खजिना नेणारे जात. आणि यात्रेकरू जात. परळीचा वैजनाथ आणि अंबाजोगाईची योगेश्वरी ही बीड जिल्ह्यातली दोन मोठी ठाणी. योगेश्वरी ही कोकणातल्या कितीतरी चित्पावन घराण्यांची कुलदेवता. लग्न झाले, मूल झाले, नवस फेडायचा, की सह्याद्री चढून, भीमा आणि सीना ओलांडून अंबाजोगाईला यायचे. रेल्वे नव्हती. जायला-यायला दोन-तीन महिने सहज लागत. एवढ्या लांबच्या वाटेवर एकट्यादुकट्याने जाऊ नये हे प्रत्येकाला घरातून सांगितलेले असे. वाटेत चारचौघे सभ्य दिसणारे सोबती भेटले तर बरेच, असे वाटणे साहजिक होते. ठगांचा सगळा धंदा या एका साहजिक वाटण्यावर उभा होता.

दसरा झाला, नद्यांचे पाणी उतरले, की रस्ते वाहू लागत. आजही दसऱ्यानंतर बीडमधून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरून पश्चिम महाराष्ट्राकडे निघतात. 'टोळी' हा शब्द इथे अजून रोजच्या कामाचा आहे, त्यात वाईट काही नाही. त्या काळी त्याच मोसमात ठगांच्या टोळ्याही बाहेर पडत आणि पावसाळ्याआधी घरी परतत. गावात ते शेतकरी असत, शिपाईगिरी केलेले असत, कोणी हरीसिंगासारखे दुकानदार असत. त्यातले अनेक मूळचे चंबळेकाठचे. सिंदौस नावाच्या भागातले जमीनदार त्यांना आसरा देत आणि लुटीतला वाटा घेत. किम वॅग्नर या इतिहासकाराने २००७ च्या आपल्या पुस्तकात हीच बाजू पुढे आणली आहे: ठगी हा काही गूढ धर्मपंथ नव्हता, शिपाईगिरीचा रोजगार आटत चाललेल्या माणसांचा जमीनदारांच्या आश्रयाने चालणारा तो हंगामी धंदा होता. कालीमातेला बळी म्हणून माणसे मारणारा पंथ हे चित्र इंग्रजी कादंबऱ्यांना आणि पुढे सिनेमाला जास्त मानवले. ठग देवीची पूजा करत, शकुन पाहत, गूळ वाटून खात, हे खरे आहे. त्यांच्यात मुसलमानही पुष्कळ होते आणि तेही हे सगळे करत. पण लष्करात जाणारा आणि व्यापाराला निघणारा शकुन पाहत नव्हता असे कुठे आहे?

त्यांची रीत ठरलेली होती. गोड बोलून ओळख काढणारा वेगळा, पुढे जाऊन जागा हेरणारा वेगळा, खड्डे खणणारे वेगळे, फास टाकणारा वेगळा. मुक्कामाला सगळे एकत्र बसत. गाणे-बजावणे होई. मग म्होरक्या 'तमाखू लाओ' असे काहीतरी साधेच वाक्य बोले. ती खूण असे. रुमाल किंवा कमरेचा शेला गळ्यात पडे, आणि काही क्षणांत सगळे संपे. रक्त नाही, आरडाओरड नाही. प्रेते आधीच हेरून ठेवलेल्या जागी पुरली जात. या जागेला ठगांच्या 'रामासी' बोलीत 'बेले' म्हणत. त्याच बोलीत ज्याला मारायचे त्या वाटसरूला 'बनिज' हा शब्द होता. बनिज म्हणजे व्यापार, व्यापाराचा माल. माणसाला नाव असते, मालाला फक्त किंमत असते. मेलेल्यांची नावे पुसण्याचे काम मारणाऱ्यांच्या भाषेतच सुरू झाले होते.

टेलरला याचा सुगावा खरे तर फार आधी लागला होता. तो १८०८ साली लिव्हरपूलला जन्मला. सोळाव्या वर्षी मुंबईच्या एका पेढीत नोकरीसाठी आला, ती पेढी बुडीत निघाली, म्हणून निजामाच्या फौजेत औरंगाबादला दाखल झाला. पुढे निजामाच्या राज्याच्या नैर्ऋत्य भागात त्याच्याकडे पोलिसाचे काम आले. तुळजापूर त्याच पट्ट्यात येते. आत्मचरित्रात तो सांगतो, की या भागात रस्त्याकडेला गळा आवळलेली प्रेते सापडू लागली. एकाचीही ओळख पटेना. दोन ठिकाणी कोल्ह्या-तरसांनी ताजी माती उकरली, तेव्हा एका खड्ड्यात चार आणि दुसऱ्यात दोन प्रेते निघाली. मुलूख घाबरला. गावकरी रस्त्यांवर गस्त घालू लागले. चौकशीत एवढेच निष्पन्न झाले, की काही दिवसांपूर्वी उत्तरेकडचे व्यापारी म्हणवणाऱ्या दोन जमाती इकडून दक्षिणेला गेल्या. माणसे शांत, अब्रूदार दिसत होती. संशय घ्यावा असे काही नव्हते.

टेलर छडा लावण्याच्या तयारीत होता. पण १८२९ मध्ये निजाम सिकंदरजाह वारले. नव्या निजामांनी, नासिरुद्दौलांनी, मुलकी कामावरचे इंग्रज अधिकारी काढून घ्या अशी मागणी केली आणि टेलरला पलटणीत परत जावे लागले. ठगी उघडकीस आणण्याचा पहिला मान आपला हुकला, ही खंत त्याला शेवटपर्यंत राहिली. मानाची गोष्ट सोडून देऊ. त्या सहा प्रेतांचे काय झाले? पुन्हा माती लोटली असेल. 'ओळख पटली नाही' हे वाक्य टेलर ओघात लिहून जातो. मला तेच वाक्य सगळ्या प्रकरणाचा गाभा वाटते.

ओळख का पटत नव्हती? माणूस जिथे मरत होता तिथे त्याला कोणी ओळखत नव्हते, आणि जिथे ओळखत होते तिथे तो मेला हेच कळत नव्हते. कोकणातून अंबाजोगाईला निघालेला माणूस वाटेत नाहीसा झाला तर घरच्यांना संशय यायलाच तीन-चार महिने जात. मग अंदाज सुरू होत. पटकीने गेला असेल, नदीला वाहून गेला असेल, साप चावला असेल, कोणा गोसाव्याच्या नादी लागून काशीला गेला असेल. फिर्याद द्यायची तर कोणाकडे? माणूस सुटला कंपनीच्या मुलखातून, संपला निजामाच्या मुलखात, आणि मारणारे तोवर होळकरांच्या नाही तर शिंद्यांच्या मुलखात पोचलेले. गावच्या हद्दीत प्रेत सापडले तर जबाब पाटलाला द्यावा लागे. त्यामुळे न बोलता माती लोटण्यातच गावाचे हित असे. कंपनीच्या फौजेतले शिपाई रजेवर जाऊन परत येत नसत तेव्हा 'पळून गेला' असा शेरा बसे. १८१० साली जनरल सेंट लेजर याने शिपायांना ताकीद दिली, की वाटेत भेटणाऱ्या अनोळखी सोबत्यांपासून सावध राहा आणि रोकड बरोबर नेऊ नका. म्हणजे ठगी सरकारला १८१० मध्ये माहीत होती. १८१६ मध्ये डॉ. रिचर्ड शेरवूड याने दक्षिणेतल्या 'फासीगारां'वर लेखही छापला. मोहीम सुरू व्हायला आणखी चौदा-पंधरा वर्षे गेली.

मधल्या काळात काय बदलले? १८२० च्या दशकाच्या अखेरीस खानदेशातून जाणारे सावकारांचे खजिने लुटले जाऊ लागले. मुंबई आणि इंदूर यांच्यामधली ही वाट, माळव्याच्या अफूच्या व्यापाराचा पैसा तिच्यावरून जाई. धनराज शेठसारखा बडा सावकार आपल्या पैशाचा माग काढू लागला. गेलेला पैसा किती होता, कोणाचा होता, कोणत्या तारखेला निघाला होता, हे वह्यांत लिहिलेले होते. पैशाला वारस होता, म्हणून पैशाची फिर्याद झाली. पैसा नेणारी माणसे त्या फिर्यादीत जोडीला आली.

घरी काय होत असे याची नोंद कोणत्याही रेसिडेन्सीच्या दप्तरात सापडणार नाही. ती धर्मशास्त्रात शोधावी लागते. परदेशी गेलेला माणूस परतला नाही तर किती वर्षे वाट पाहायची याचे नियम आहेत, साधारण बारा वर्षे. तेवढ्यात काही कळले नाही तर त्याचा 'पर्णनर' करायचा. पळसाची ३६० पाने घेऊन माणसाची आकृती मांडायची, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि तिला अग्नी द्यायचा. त्यानंतर सुतक, त्यानंतर श्राद्ध. त्या दिवशी बाईचे कुंकू पुसले जाई. तोवर बारा वर्षे ती ना सवाशीण ना विधवा. हळदीकुंकवाला बोलवावे की नाही, यावर घरातल्या मोठ्या बायका कुजबुजत असतील. मुसलमान घरातल्या बाईची अडचण याहून बिकट होती. हनफी मताप्रमाणे बेपत्ता नवऱ्याचा निकाह सुटायला जवळजवळ माणसाच्या आयुष्याएवढी वाट पाहावी लागे. चार वर्षे ठावठिकाणा नसेल तर तलाक मागण्याचा हक्क तिला १९३९ च्या कायद्याने मिळाला. सात वर्षे ज्याची खबर नाही तो जिवंत आहे हे म्हणणाऱ्यानेच सिद्ध करावे, हे कलम १८७२ च्या पुरावा कायद्यात आले. ठगीत गेलेल्यांच्या घरांना यातले काहीच उपयोगी पडले नाही. त्यांच्यासाठी पळसाची पाने होती.

मोहीम सुरू झाली ती जबलपूर आणि सागरकडून. विल्यम स्लीमन हा तिचा कर्ता. त्याचे हत्यार माफीचा साक्षीदार. पकडलेल्या ठगाला सांगायचे, की खरे बोललास, साथीदार दाखवलेस तर फाशी टळेल. मग प्रत्येकाला वेगळे ठेवून जबानी घ्यायची, एकाची दुसऱ्याशी ताडून पाहायची, वंशावळी तयार करायच्या, नकाशावर जागा मांडायच्या. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी इतक्या शिस्तीचा गुन्हेतपास जगात फार थोड्या ठिकाणी झाला असेल. फिरंगिया नावाचा नामांकित ठग माफीचा साक्षीदार झाला. सालोदा गावाच्या आमराईत स्लीमनचा तंबू पडला असताना त्याने तंबूशेजारचीच जमीन दाखवली. खणल्यावर प्रेते निघाली. फिरंगियाने कोणती कोणाची ते सांगितले: एक पंडित आणि त्याचे सहा सोबती, एक हवालदार आणि चार शिपाई, गंगेच्या पाण्याच्या कावडी नेणारे चार ब्राह्मण आणि एक बाई. ही यादी पुन्हा वाचा. सतरा माणसे आहेत आणि नाव एकाचेही नाही. फिरंगियाला ती ठाऊक नव्हती. स्लीमनला त्यांची गरज नव्हती. आणि त्या बाईला तर 'बाई' याखेरीज काही ओळखच नाही.

निजामाच्या मुलखातले काम कॅप्टन रेनॉल्ड्सकडे होते. हिंगोलीत जबान्या सुरू झाल्या आणि हरीसिंगाचे खरे रूप तेव्हा बाहेर आले. त्याच्या टोळीने छावणीच्या बाजारातच, मुख्य चौकीपासून शंभर यार्डांच्या आत माणसे मारली होती आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरली होती. ते खड्डे उघडताना टेलर स्वतः हजर होता. माफीचे साक्षीदार एकेक जागा थंडपणे दाखवत गेले. अखेर पुरे झाले म्हणून खणणे थांबवले.

टेलरने आपल्या 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या कादंबरीच्या प्रस्तावनेत एक तक्ता दिला आहे. १८३१ ते १८३७ या सात वर्षांत ३,२६६ ठगांचा निकाल लागला किंवा लागायचा होता. ४१२ फाशी गेले, १,०५९ काळ्या पाण्यावर पेनांगकडे गेले, ४८३ माफीचे साक्षीदार झाले. चौकशी होऊन सुटले ते ३२. तुरुंगातून पळालेले ११ आणि तुरुंगात मेलेले ३६, हेही आकडे आहेत. बेरीज तपासून पाहिली, बरोबर येते. या तक्त्यात एक रकाना नाही: ज्यांच्यासाठी हे सगळे चालले त्यांचा.

मेलेल्यांचे आकडे इतरत्र सापडतात, पण ते मारणाऱ्यांनी सांगितलेले. लखनौच्या कॅप्टन पॅटनपुढे बहराम नावाच्या ठगाने ९३१ खुनांना आपण हजर असल्याचे सांगितले. जगातला सर्वांत मोठा खुनी म्हणून तो आजही दाखवला जातो. त्याच पॅटनच्या कागदांत बहरामचेच दुसरे बोलणे आहे, की स्वतःच्या हाताने सव्वाशेएक मारले असतील आणि दीडशेएक मारताना पाहिले असतील. ९३१ कुठे आणि पावणेतीनशे कुठे! लोकांनी मोठा आकडा उचलला. स्लीमनचा नातू जेम्स याने १९३३ मध्ये पुस्तक लिहिले तेव्हा त्याच्या नावातच दहा लाख खून होते. नावे नसली की आकडा हवा तेवढा ताणता येतो. त्याला हरकत घ्यायला कोणाच्या घरचे कोणी येत नाही.

इथे एक शंका प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. सगळी मोहीम अशा साक्षीदारांवर उभी होती, ज्यांचा जीव दुसऱ्याचे नाव घेण्यावर अवलंबून होता. प्रेते निघत होती, म्हणजे खून झाले होते, त्यात शंका नाही. पण साक्षीदाराने बोट दाखवलेला प्रत्येक माणूस त्या खुनात होता का? हा प्रश्न कायद्यानेच नाहीसा केला. १८३६ च्या तिसाव्या कायद्याने ठरवले, की अमुक माणूस कधी काळी, कायदा होण्यापूर्वीसुद्धा, कंपनीच्या मुलखात किंवा बाहेर, ठगांच्या टोळीत होता एवढे सिद्ध झाले तरी जन्मठेप. कोणाला मारले, कधी मारले, हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. निनावी मेलेल्यांमुळे खटले उभे राहत नव्हते, आणि ती अडचण मेलेल्यांना बाजूला सारून सोडवली गेली. सरकारची अडचण खरी होती हे मान्य केले तरी या दिवसापासून खुनाचा खटला खून झालेल्या माणसावाचून चालू लागला, हेही मान्य करावे लागते.

'कन्फेशन्स' १८३९ मध्ये लंडनला निघाले तेव्हा राणी व्हिक्टोरिया गादीवर येऊन दोनच वर्षे झाली होती. तिला एवढी उत्सुकता, की छापखान्यातून तपासून होतील तसतसे फर्मे तिच्याकडे पाठवले जात. कादंबरीचा नायक अमीर अली हा ठग. इंग्रजी वाचकाला ठगाचे बालपण, त्याची प्रेमे, त्याचे शौर्य सगळे कळले. फाशी दिलेल्या सात ठगांच्या कवट्या तर त्यांच्या नावांसह एडिंबरोला गेल्या. कवटीच्या उंचवट्यांवरून माणसाचा स्वभाव सांगणारे एक शास्त्र तेव्हा तिथे जोरात होते, त्या मंडळींनी त्या मोजल्या. मारणाऱ्याच्या कवटीला नाव आणि माप मिळाले. हिंगोलीच्या खड्ड्यांतल्या हाडांच्या वाट्याला दोन्ही आले नाही.

ठग संपले, खाते संपले नाही. १८३९ पासून त्याच्याकडे दरोडेखोरीही आली आणि 'ठगी आणि डकैती खाते' १९०४ पर्यंत चालले. ठगीच्या मोहिमेतून एक समजूत मात्र पक्की झाली, की हिंदुस्थानात गुन्हा हा वंशपरंपरेने चालतो. सुताराचा मुलगा सुतार, तसा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगार. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यामागे हाच विचार होता. आता माणूस टोळीत होता हे सिद्ध करण्याचीही गरज नव्हती, अमुक जमातीत जन्मला एवढे पुरे. १९११ नंतर हा कायदा मुंबई इलाख्यातही लागू झाला. सोलापूरला तारेच्या कुंपणात वसाहत उभी राहिली, तिथे हजेरी द्यावी लागे.

आमच्या भागात या समजुतीचा मार पारध्यांनी सोसला. फासेपारधी हे नाव पडले ते हरणे, तितर, लावे धरायच्या फाशांमुळे. त्यांच्या फाशाचा आणि ठगांच्या रुमालाचा काही संबंध नाही. पण दप्तरात बसलेल्या माणसाला 'फासे' आणि 'फासीगार' यांत अंतर दिसतेच असे नाही. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा उठला, तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. लगोलग सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्याचा १९५९ चा. आजही आष्टी किंवा पाटोद्याकडच्या एखाद्या गावात चोरी झाली की गावातले लोक आधी पारध्यांच्या पालाकडे पाहतात. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतल्या जातिभेदाविषयी निकाल देताना विमुक्त जमातींना मनमानी अटक होऊ नये, हेही सांगितले. १८७१ चे सांगायला दीडशे वर्षे उलटली. योगायोगाने त्याच वर्षी भारतीय दंड संहितेतले 'ठग' हे कलमही गेले. १८६० पासून ते पुस्तकात होते. १ जुलै २०२४ ला आलेल्या नव्या न्याय संहितेत ते घेतलेले नाही.

मग नावे कायमची गेली का? मला तसे वाटत नाही. ती इंग्रजी दप्तरात नाहीत म्हणून मराठी दप्तरातही नसतील असे कशावरून? त्र्यंबकेश्वर, नाशिक, पैठण इथल्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळ्या आहेत. यात्रेकरू आला की त्याचे गाव, बाप, आजा, बरोबर आलेली माणसे आणि मिती तिथे उतरवली जाते, आणि घरातले पुढचे कोणी आले की मागच्या नोंदीखाली भर पडते. एखाद्याने पैठणला नाव लिहिले आणि पुढच्या मुक्कामी त्याची सहीच नाही, तर तो कुठवर पोचला हे कळते. त्याच्या मुलाने दहा-बारा वर्षांनी येऊन बापाचे श्राद्ध घातले असेल तर त्या दोन तारखांमधले अंतर बोलके आहे. कोकणस्थ घराण्यांच्या छापील कुलवृत्तांतांत नावापुढे 'परागंदा' असा शेरा पुष्कळदा दिसतो. बहुतेक जण तो वाचून पुढे जातात. तो शेरा कोणत्या पिढीचा, साधारण कोणत्या सालचा, त्या घराण्याची कुलदेवता कोणती, एवढे तीन रकाने आखून कोणी पाचपन्नास कुलवृत्तांत चाळले तर १८०० ते १८३५ या काळात अंबाजोगाईच्या वाटेला लागलेल्या माणसांची एक यादी तयार होईल. त्यातले बहुतेक पटकीनेच गेलेले निघतील. सगळेच नाही.

हिंगोलीजवळच्या त्या कापडवाल्याचे घर तर आणखी जवळ आहे. मुंबईहून माल मागवण्याइतका तो मोठा व्यापारी होता. त्याच्या नावावर कोणाची तरी बाकी निघत असणार, कोणाकडून तरी त्याचे येणे असणार. वसमत, कळमनुरी, परभणी, सेलू इथल्या जुन्या पेढ्यांच्या वह्या अजून काही घरांत माळ्यावर पडून आहेत, दिवाळीला त्यांच्यावरची धूळ झटकून पूजाही होते. १८३० च्या आगेमागे एखादे खाते मध्येच थांबलेले, धन्याच्या नावापुढे काहीच न लिहिलेले, कोणाला आढळले तर ते पान फाडू नये, फोटो काढून ठेवावा.